ब्लाऊज पीस, खिडकी आणि आमचा गुलाब

 

आजचा एपिसोड जरा वेगळा आहे. आपण इथे बहुतेक वेळा फोन, ॲप, कोडिंग, नोकरी असलंच काहीतरी बोलतो. आज बोलायचंय फुलांच्या फोटोंबद्दल. थांबा, लगेच स्किप करू नका! ‘शुभ सकाळ’वाले फोटो नाहीत हे. घरच्या बागेतलं एक फूल घरात आणायचं, त्याच्या मागे रंगीत कापड नाहीतर कागद लावायचा आणि साध्या फोनवर असा फोटो काढायचा, की ज्याने ते झाड लावलंय त्याने बघून म्हणावं, "हो, हे आपलंच फूल."

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. ते ऐकायला मला अडीच महिने लागले होते आणि तोपर्यंत वेळ जवळजवळ संपली होती.

ट्रान्सक्रिप्ट वाचणाऱ्यांसाठी नेहमीचंच: बोललो तसंच ठेवलंय, फक्त मधले अं-अं काढून टाकलेत.

तर गोष्ट २०२० ची.

मी राहात्याचा. नगर-मनमाड रस्त्यावरचं आमचं गाव, शिर्डी पाच-सहा किलोमीटरवर. बाहेरच्या लोकांना राहाता माहीत असतो तो पेरूमुळे. पण शिर्डीच्या आसपासच्या गावांमध्ये फुलशेतीही बरीच आहे आणि त्यात गुलाब जास्त. कारण उघड आहे, रोज हार लागतात. आमच्याकडे वीस गुंठे गुलाब होता. ग्लॅडिएटर. गडद गुलाबी, लालकडे झुकलेला. लहानपणापासून पहाटे बॅटरी डोक्याला बांधून फुलं तोडलीयत मी. बोटांना काटे, आणि शाळेत बसलो की हाताला वास. तेव्हा त्या फुलांचा एकही फोटो काढावासा वाटला नाही. रोजच्या गोष्टीचा कोण फोटो काढतं?

२०१९ मध्ये बीटेक झालं, पुण्यात नोकरी लागली. वर्षही झालं नव्हतं आणि मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन. लॅपटॉप उचलला आणि घरी आलो. इकडे मंदिर बंद, रस्ते बंद, हारांची दुकानं बंद.

पण गुलाबाला लॉकडाऊन कळत नाही. तो फुलतच राहतो. आणि तुम्हाला माहीत नसेल म्हणून सांगतो, गिऱ्हाईक नसलं तरी फुलं तोडावीच लागतात. झाडावर तशीच ठेवली तर झाड फळ धरायच्या मागे लागतं, नवीन फुटवे कमी होतात. त्यामुळे पप्पा रोज पहाटे उठायचे, नेहमीसारखी फुलं तोडायचे, पाट्या भरायचे आणि शेणखताच्या खड्ड्यात ओतायचे. रोज. वर गुलाबांचा थर आणि खाली शेण.

मी पहिला फोटो काढला तो त्या खड्ड्याचा. पप्पांनी बघितला आणि म्हणाले, "हे कशाला काढतो? काढायचंच तर चांगलं फूल काढ."

तिथून हे सगळं सुरू झालं.

पहिले आठ दिवस मी शेतात फोटो काढले. सगळे वाया. का, ते सांगतो, कारण तुमच्याही बागेत हेच होत असणार. पहिलं, वारा. फूल जवळून टिपताना ते अर्धा इंच जरी हललं तरी फोकस गेला. दुसरं, ऊन. एप्रिलमध्ये आमच्याकडे नऊ वाजताच ऊन असं असतं की पाकळीचा एक भाग पांढरा फटक आणि दुसरा काळा. तिसरं, मागचा पसारा. ठिबकच्या नळ्या, युरियाची गोणी, विजेचा खांब, आणि एका फोटोत तर गुलाबामागे आमची म्हैस. (हसतो.)

मग म्हटलं, फूल घरात आणू. घरात वारा नाही, ऊन थेट नाही आणि मागे काय ठेवायचं ते आपल्या हातात. प्रश्न उरला मागच्या रंगाचा. दुकानं बंद, कार्डशीट आणायची कुठून? आईला विचारलं, "रंगीत कापड आहे का एखादं?" तिने कपाट उघडलं आणि खालच्या कप्प्यातून एक गाठोडं काढलं. ब्लाऊज पीस!

मंडळी, महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरात हा खजिना आहे. ओटीत आलेले, हळदीकुंकवात आलेले, लग्नात मिळालेले. शिवत कुणी नाही, पुढच्या ओटीत पुढे सरकवतात. आमच्याकडे अठ्ठेचाळीस निघाले. मोरपंखी, डाळिंबी, आंबा, जांभळा, पोपटी, राणी, राखाडी. पुण्यामुंबईतले फोटोग्राफर रंगीत पार्श्वभूमीचे रोल विकत आणतात. आपल्याकडे ते फुकट, आणि ऐंशी सेंटीमीटरचे, एका फुलाला पुरून उरतील एवढे.

एकच बघायचं: चमकणारं कापड घेऊ नका. सॅटिन, ब्रोकेड, जर असलेलं काहीही खिडकीचा उजेड परावर्तित करतं आणि मागे पांढरे डाग येतात. साधं सुती, टू बाय टू रुबिया सगळ्यात उत्तम. आणि इस्त्री करा. घडीची रेघ फोटोत फुलाच्या मधोमध येते, ती नंतर काढत बसायला एक तास जातो. स्वतःवरून सांगतोय.

आता मांडणी. ऐकताना डोळ्यांसमोर आणा.

खिडकी शक्यतो उत्तरेची. आपल्याकडे सूर्य वर्षातला बराचसा काळ दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन कमीच येतं. येतो तो आभाळाचा मऊ, पसरलेला उजेड. उत्तरेची खिडकी नसेल तर कुठलीही चालेल, फक्त पांढरी ओढणी किंवा धोतराचं पातळ कापड पडद्यासारखं लावा.

खिडकीला लागून स्टूल. फूल खिडकीपासून एक हात अंतरावर. फुलाला उभं करायला कणकेचा गोळा, त्यात देठ खोचायचं. बटाटाही चालतो. फुलाच्या मागे, साधारण दोन हात लांब, एक खुर्ची. खुर्चीच्या पाठीवर ब्लाऊज पीस, कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी ताणून. उजेड एका बाजूने येतो, म्हणून फुलाची दुसरी बाजू अंधारी होते. तिथे पांढरा कागद उभा करा. आम्ही लग्नपत्रिका वापरली, आतली पांढरी बाजू फुलाकडे. एका पत्रिकेने सावली अर्धी उजळते.

आणि घरातली ट्यूब, बल्ब, सगळं बंद. खिडकीचा उजेड निळसर, बल्बचा पिवळसर. दोन्ही एकत्र आले की पाकळीच्या एका कडेचा रंग एक आणि दुसऱ्या कडेचा दुसरा. शिवाय आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे बरेचसे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला दिसत नाही, पण कॅमेऱ्यात आडवे पट्टे येतात.

ही मांडणी झाली आणि मला वाटलं, जिंकलो! तीन आठवड्यांत चारशे फोटो काढले. एक निवडला, हिरव्या ब्लाऊज पीसवरचा गुलाब, आणि पप्पांना दाखवला.

पप्पांनी फोन हातात घेतला. लांब धरला, जवळ धरला.

"कुठला गुलाब आहे हा?"

"आपलाच की, पप्पा. सकाळी तुम्हीच दिला."

"नाय. आपला एवढा भडक नसतो. हा प्लॅस्टिकचा वाटतोय."

आणि फोन परत दिला. लोकांनी इन्स्टावर त्याच फोटोला हार्ट दिलेले होते. पण ज्या माणसाने त्या झाडांना पंधरा वर्षं पाणी घातलं, त्याला तो ओळखू आला नाही. मी इंजिनिअर माणूस. यूझर म्हणतोय की आउटपुट चुकीचंय, तर बग शोधायला पाहिजे.

एक नाही, चार बग निघाले.

बग नंबर एक: लाल रंगाचं कात्र्यात सापडणं. नीट ऐका, हे महत्त्वाचंय. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर प्रत्येक ठिपक्यावर एकाच रंगाची काच असते. चार ठिपक्यांपैकी दोन हिरवे, एक लाल, एक निळा. ही रचना कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बेयर यांनी शोधली, पेटंट १९७६ चं, आणि आजही बहुतेक फोनमध्ये तीच किंवा तिचीच भावंडं आहेत. आता साध्या फोटो फाईलमध्ये प्रत्येक रंगाला ० ते २५५ एवढीच जागा. लाल गुलाबाला लाल रंग इतका असतो की पाकळीची उजळ बाजूही २५५ आणि तिच्या शेजारची घडीही २५५. फरक संपला. पाकळीवरच्या शिरा, मखमल, सगळं सपाट. म्हणून प्लॅस्टिक! झेंडूचं आणि जास्वंदीचं अगदी हेच होतं.

उपाय सोपा. फुलावर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड लॉक होतो. मग बाजूला येणारी सूर्याची खूण खाली ओढा, फोटो डोळ्याला किंचित अंधारा वाटेपर्यंत. अंधारा फोटो नंतर उजळता येतो. पण जे २५५ ला जाऊन सपाट झालं, ते कुठल्याही ॲपने परत येत नाही. तिथे अनडू नाही.

बग नंबर दोन: फोनची सरासरी काढायची सवय. कॅमेरा समोरचं सगळं दृश्य मध्यम उजेडाचं आहे असं धरून चालतो. आता त्यात एचडीआर वगैरे बरंच आलंय, पण मूळ सवय तीच. काळं किंवा गडद जांभळं कापड मागे लावलं की फोनला वाटतं, अरे, अंधार आहे, आणि तो सगळं उजळवतो. कापड राखाडी होतं आणि फूल जळतं. पांढरं कापड लावलं की उलट, फूल मळकट. म्हणजे कापड बदललं की उजेड पुन्हा लॉक करायचा. प्रत्येक वेळी.

बग नंबर तीन: रंगाचा अंदाज, म्हणजे व्हाइट बॅलन्स. फोन स्वतःच ठरवतो की पांढरं म्हणजे काय. मागे मोठा लाल कपडा दिसला की त्याला वाटतं, उजेडच लाल आहे, आणि तो सगळ्या फोटोत निळसर छटा मिसळतो. बिचारं फूल फुकट निळं होतं. त्यासाठी फोनचा प्रो मोड उघडा. फुलाच्या जागी पांढरा कागद धरा, तो पांढरा दिसेपर्यंत केल्व्हिनचा आकडा सरकवा आणि मग त्याला हात लावू नका. खिडकीतल्या आभाळाच्या उजेडाला तो साधारण ६००० ते ७००० च्या आसपास येतो. प्रो मोड नसेल तर पांढरा कागदही फोटोच्या कोपऱ्यात येऊ द्या, एडिट करताना त्याच्यावरून रंग जुळवता येतो, मग कोपरा कापून टाका.

बग नंबर चार: फोनचा अतिशहाणपणा. बऱ्याच फोनमध्ये ‘एआय’ नावाचं बटण असतं. फूल ओळखलं की फोन आपणहून रंग भडक करतो. माझ्या फोनमध्ये कोपऱ्यात चक्क फुलाचं छोटं चिन्ह येत होतं आणि मला ते भारी वाटायचं! तेच बंद करायचं होतं. तसंच पोर्ट्रेट मोड. तो मागचं धूसर करतो खरा, पण कुठे फूल संपतं आणि कुठे कापड सुरू होतं याचा तो अंदाज बांधतो. माणसाच्या चेहऱ्याला चालतो. जास्वंदीच्या मधल्या तुऱ्याला नाही, अर्धा तुरा गायब होतो. कापडच लांब ठेवा आणि दोन पट झूमची वेगळी लेन्स असेल तर तिने काढा, खरी धूसरता मिळते. अगदी नाकाला नाक लावून काढू नका, बहुतेक फोनच्या मुख्य कॅमेऱ्याला १०-१५ सेंटीमीटरच्या आत फोकस लागतच नाही.

हे चार दुरुस्त केले. पण मे संपत आला होता. आणि घरात एक वेगळीच चर्चा सुरू झाली होती.

पप्पा जेवताना म्हणाले, "पाऊस पडला की गुलाब काढून टाकू. सोयाबीन पेरू."

कुणी काही बोललं नाही. हिशोब सगळ्यांना कळत होता. तोडणीची मजुरी, औषधं, पाणी, आणि हातात शून्य. मी लॅपटॉपवर पगार घेत बसलेलो. म्हटलं, "मी देतो की, पप्पा, थोडे दिवस." ते म्हणाले, "शेत पगारावर चालत नसतं."

म्हणजे माझ्याकडे आता थोडेच दिवस होते. आणि माझ्याकडचे चारशे फोटो सगळे चुकीच्या रंगाचे. कोडमध्ये चुकलं तर आपण मागच्या व्हर्जनला जातो. इथे ज्याचा फोटो काढायचाय तेच जाणार होतं.

मग मी रंगाचा विषय जरा नीट घेतला. फ्रान्समध्ये मिशेल शेव्हरल नावाचे एक रसायनशास्त्रज्ञ होते. पॅरिसमध्ये गोबेलिन नावाचा भिंतीवरच्या विणलेल्या पडद्यांचा प्रसिद्ध कारखाना आहे, तिथल्या रंगाई विभागाचे १८२४ पासूनचे प्रमुख. तक्रार आली की काळा धागा नीट काळा दिसत नाही. त्यांनी तपासलं, तर रंगात खोट नव्हती. त्या काळ्याच्या शेजारी जे रंग विणले होते, त्यांच्यामुळे तो फिका वाटत होता. म्हणजे रंग एकटा दिसत नाही, तो शेजाऱ्यासकट दिसतो. यावर त्यांनी १८३९ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं.

आता हे आपल्याला फ्रान्सहून शिकायची गरज आहे का? येवला आमच्यापासून तासाभरावर. तिथला पैठणी विणणारा जांभळ्या अंगाला पोपटी काठ का लावतो? त्याला विचारा, तो म्हणेल, "उठून दिसतो." झालं, तेच!

फुलांना लावून बघू. पिवळी शेवंती निळ्यावर किंवा जांभळ्यावर ठेवा, ती पेटल्यासारखी दिसते. तीच शेवंती केशरीवर ठेवा, थंड, लिंबासारखी वाटते. फूल तेच. केशरी झेंडूला मोरपंखी. गोकर्णाच्या निळ्याला आंबा रंग. अबोलीला राखाडी, कारण ती मुळातच हळू बोलते, तिच्या मागे ओरडणारा रंग नको. सदाफुलीला तिच्याच जातीचा पण जास्त गडद राणी रंग, म्हणजे फोटोत एकच रंग, दोन आवाजांत.

एक चाचणी सांगतो. फोटो काढला की ब्लॅक अँड व्हाइट फिल्टर लावून बघा. फूल मागच्या कापडात हरवलं तर समजा की रंग वेगळे आहेत पण उजेडाची पातळी एकच आहे. लाल गुलाब आणि मध्यम हिरवं कापड यांचं नेमकं असंच होतं, दोन्ही सारखेच करडे. डोळ्याला तो फोटो टोचतो, पण का टोचतो ते कळत नाही. मग एक तर हिरवा खूप गडद घ्या, नाहीतर खूप फिका.

आणि सांडलेल्या रंगाची काळजी घ्या. एकदा पांढरी तगर लाल कापडाला अगदी चिकटून ठेवली, तर ती गुलाबी झाली! कापडावरून परतलेला उजेड पाकळीवर पडतो. अंतर वाढवलं की तगर पुन्हा पांढरी. म्हणून ते दोन हात.

बरं, रंगीत पार्श्वभूमीवर झाडं टिपणं हे काही इन्स्टाने आणलेलं नाही. इंग्लंडमध्ये अ‍ॅना अ‍ॅटकिन्स नावाच्या बाई होत्या. १८४३ मध्ये त्यांनी समुद्री शेवाळाचे फोटो छापायला घेतले, कॅमेऱ्याशिवाय. रसायन लावलेल्या कागदावर शेवाळ ठेवायचं, उन्हात धरायचं आणि पाण्यात धुवायचं. जिथे ऊन लागलं तिथे कागद गर्द निळा, जिथे शेवाळ होतं तिथे पांढरा. ही सायनोटाइप पद्धत. फोटोंनी सजवलेलं जगातलं पहिलं पुस्तक त्यांचंच मानतात. पण मला त्यातली एक गोष्ट फार आवडते. त्यांना ते सुंदर दिसावं एवढंच नको होतं. ती वनस्पती ओळखू यावी म्हणून त्या हे करत होत्या. पप्पांच्या भाषेत, "हे आपलंच आहे" असं म्हणता यावं म्हणून.

तर, जूनचा पहिला आठवडा. आभाळ भरून आलेलं. फोटोसाठी याहून चांगला उजेड नाही, अख्खं आभाळच पांढऱ्या पडद्यासारखं असतं. पप्पांनी पहाटे एक फूल आणून दिलं, अर्धं उमललेलं. न सांगता आणून दिलं, हे महत्त्वाचं. मी देठ पाण्यात धरून तिरकं कापलं, तासभर पाण्यात ठेवलं. कणकेच्या गोळ्यात उभं केलं. आईने गाठोड्यातून एक ब्लाऊज पीस काढून दिला, खूप गडद हिरवा, जवळजवळ काळा. म्हणाली, "हा लाव. त्याचं पानही असंच असतं." मला चार आठवडे वाचून जे सुचलं नव्हतं ते तिला सहज सुचलं.

त्याआधी मी बाटलीने पाण्याचे थेंबही मारले होते. पप्पा दारातून म्हणाले, "दव असं नसतं. दव बारीक असतं, खालच्या बाजूलाही असतं." पुसून टाकले.

उजेड लॉक. सूर्य खाली. पांढरा कागद, केल्व्हिन, एआय बंद. फोन तांदळाच्या डब्याला टेकवून, तीन सेकंदांचा टायमर, म्हणजे बोटाचा धक्का नको. बारा फोटो काढले.

सातवा चांगला आला. पप्पांना दिला. त्यांनी पुन्हा तसंच केलं, लांब, जवळ. मग दोन बोटांनी मोठा केला. म्हणाले, "हितं थ्रिप्स लागलाय बघ. कडेला." खरंच, बाहेरच्या पाकळीच्या काठाला तपकिरी ओरखडा होता. मला दिसलाच नव्हता.

मी म्हटलं, "मग पुसून टाकू का? एडिटमध्ये निघतो."

"कशाला? आपलाच आहे. असाच असतो."

मग म्हणाले, "मला पाठव."

त्यांनी तो पंधरा वर्षं ज्यांना माल देत होते त्या व्यापाऱ्यांना फॉरवर्ड केला. एक शब्द लिहिला नाही. तिकडून हात जोडलेली खूण आली. बस.

आठ दिवसांनी पाऊस झाला आणि वीस गुंठ्यांवर रोटाव्हेटर फिरला. मी मीटिंगमध्ये होतो, माईक म्यूट केलेला. खिडकीतून आवाज येत होता.

आईने आधीच काही फांद्या छाटून तेलाच्या डब्यांत कलमं लावून ठेवली होती. तीन जगली, आज दोन आहेत, अंगणात, नळाशेजारी. पुढचं राहातेकरांना माहीतच आहे: मंदिर उघडलं, पण आत हार-फुलं नेणं बंद राहिलं, ते पुन्हा सुरू झालं २०२४ च्या शेवटी. आमच्या शेतात अजून सोयाबीनच आहे. पप्पा अधूनमधून त्या दोन झाडांपाशी उभे राहतात आणि काही बोलत नाहीत. मीही विचारत नाही. दर हिवाळ्यात घरी गेलो की एक फूल आत आणतो, तीच खिडकी, तोच ब्लाऊज पीस. तो आता आईने ओटीच्या गाठोड्यातून वेगळा काढून ठेवलाय.

आता तुमच्यासाठी होमवर्क. मोठा कॅमेरा नको, काही विकत आणायला नको.

या रविवारी घरातलं एक फूल घ्या. बागेतलं, कुंडीतलं. रानातलं नको, कास पठारावर जाऊन तोडू नका, तिथे फूल जिथे आहे तिथेच बघायचं. घरात फूलझाड नसेल तर शेजारच्या काकूंकडे विचारा, त्या आनंदाने देतील आणि वर झाडाचा इतिहासही सांगतील, तो ऐका. मग पाच ब्लाऊज पीस: एक विरुद्ध रंगाचा, एक त्याच जातीचा, एक राखाडी, एक खूप गडद, एक खूप फिका. पाच फोटो, बाकी काहीही न बदलता. उजेड मात्र प्रत्येक वेळी लॉक. आणि रात्री ब्रह्मकमळ फुलणार असेल, म्हणजे आपल्याकडे ज्याला ब्रह्मकमळ म्हणतात ते मेक्सिकोकडचं निवडुंग, तर कृपा करून फ्लॅश मारू नका. दुसऱ्या फोनचा टॉर्च घ्या, त्यावर पांढरा रुमाल धरा, बाजूने उजेड द्या. मागे गडद निळं कापड. मग बघा.

आणि शेवटची पायरी, जी मी अडीच महिने चुकवली. ते पाच फोटो इन्स्टावर टाकायच्या आधी त्या माणसाला दाखवा, ज्याने ते झाड लावलंय. आई असेल, आजी असेल, शेजारच्या काकू असतील. विचारा, "यातलं आपलं फूल कुठलं?"

ते ज्यावर बोट ठेवतील तो ठेवा. बाकीचे चार डिलीट केले तरी चालतील.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तुमचे फोटो आणि कुणी कशावर बोट ठेवलं ते नक्की कळवा. काळजी घ्या!